मेष्ट्रांचा लाल हात

उमापती स्वामीच्या अंगणात त्या सकाळी शंभरेक माणसं होती. सुपारी वाळत घालायच्या चटया गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या आणि मोकळ्या जागेत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. सगळ्यांत पुढे माझी आई. तिच्यासमोर पाटावर अप्पांचं धोतर, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं. अप्पा म्हणजे माझे वडील, गावाचे मेष्ट्रु, शाळामास्तर.

"मेष्ट्रे, आलात?" स्वामीने डोळे मिटून विचारलं. "वर आज गर्दी दिसतेय. रांग मोडून या हो, तुम्हांला कोण अडवणार! अर्ध्या तालुक्याला पाढे तुम्हीच शिकवलेत."

लोक हसले. काहींनी डोळे टिपले. स्वामीने तांब्याच्या घंगाळात हात बुडवून लोकांवर तीर्थ शिंपडलं आणि ओला हात धोतराखाली सरकवला.

"आशीर्वाद द्या, मेष्ट्रे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पिवळ्या कापडावर लाल डाग उमटला, पसरला, त्याला बोटं फुटली. चार पुरती आणि करंगळी अर्धी.

अंगणभर "अय्यो" उठलं. लहानपणी सुपारी सोलायच्या विळ्यावर अप्पांची करंगळी तुटली होती, हे आमच्या होसगद्द्यात कुणाला ठाऊक नव्हतं?

"ऐका, अम्मा," स्वामी म्हणाला. "मेष्ट्रु म्हणतायत, सुई टोचून घेऊ नकोस. तुझ्या साखरेचं मी बघतो. पायाला तीर्थ लाव."

आईने हात जोडले.

अप्पांना जाऊन चार महिने झाले होते. मी बंगळुरूला असते. रोज फोनवर विचारायचे, "अम्मा, सुई घेतलीस?" ती म्हणायची, "घेतली गं, पुट्टी. किती विचारशील?" आदल्या दिवशी मी न कळवता आले, तेव्हा फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या सीलबंद होत्या आणि आईच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. एकोणीस दिवस तिने सुई घेतली नव्हती; स्वामीच्या अंगणात अप्पांनीच नको म्हटलं म्हणे. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "उद्या दुपारच्या आत आणा. नाहीतर पाय जाईल, कदाचित त्याही जातील." आई म्हणाली, "सकाळी ते काय म्हणतात ते ऐकते. मग तुझ्या डॉक्टरांचं." म्हणून मी त्या अंगणात बसले होते.

उमापती मला परका नव्हता. अप्पांचा तो लाडका विद्यार्थी. अप्पांच्या शाळेत मुलं आणि मास्तर एकमेकांच्या खोड्या काढत. पावसाळ्यात मुलं त्यांच्या मिटलेल्या छत्रीत कागदाचे कपटे भरून ठेवत, छत्री उघडली की अप्पा पांढरे होऊन जात आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "आज बर्फ पडणार असं रेडिओवर म्हणाले होते का रे?" वर्गाचा फोटो काढताना चाळीस पोरं करंगळी दुमडून उभी राहत. अप्पा बदला घेत. हळदीच्या कापडाखाली त्यांचा हात गेला की वर लाल पंजा उमटे. "शाळेतलं भूत! गृहपाठ कुणी केला नाही ते विचारतंय!" मुलं किंचाळत बाकांखाली शिरत. आठ वर्षांच्या उमापतीला एकदा रडूच फुटलं होतं. अप्पांनी त्याला मांडीवर घेतलं आणि सगळी युक्ती त्याच्याच हातून करवून घेतली. गंमत कशी झाली ते कळल्याशिवाय एकही पोर घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

मी उठले.

"स्वामी, मी मेष्ट्रांची मुलगी. मलाही अप्पांना बोलवायचंय."

तो चपापला, पण हसला. "अवश्य, पुट्टक्का. श्रद्धा असली तर..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. घंगाळात हात बुडवला, करंगळी दुमडली आणि धोतराच्या दुसऱ्या टोकाखाली हात घातला. लाल पंजा उमटला. करंगळी अर्धी.

"हे बघा," मी म्हणाले, "अजून एक मेष्ट्रु आले. हे जरा लहान मापाचे आहेत."

कुणी हसलं नाही. उमापती मात्र ताडकन उठला. "रक्ताचं नातं! बघा, लेकीच्या अंगातूनही मेष्ट्रु आले!"

आणि माणसं माझ्या पायांशी वाकली. अप्पांकडे चौथीपर्यंत शिकलेली एक बाई माझा ओला हात कपाळाला लावून म्हणाली, "माझ्या नातवाचं लग्न कधी जमेल, मेष्ट्रे?" त्या क्षणी मला उमापतीपेक्षा त्या सगळ्यांची भीती वाटली.

मी पुढे बसलेल्या गंगज्जीकडे वळले. गावातल्या प्रत्येक लग्नात ओवाळायचं तांबडं पाणी, ओकुळी, तीच कालवते.

"अज्जी, नवरानवरीवरून ओवाळायची ओकुळी कशाची करता?"

"हे काय विचारणं झालं? हळद आणि चुना."

"हे धोतर कशात बुडवलंय?"

"हळदीत."

"मग या घंगाळात काय असेल?"

गंगज्जीने वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. ऐंशी वर्षं पान खाणारी बाई ती. "चुन्याची निवळी," ती म्हणाली. मग उमापतीकडे वळली. "मेल्या, तुझ्या लग्नात मीच कालवली होती रे!"

पूजेतलं एक लिंबू फोडून मी दोन्ही पंजांवर पिळलं. लाल रंग फिकटला आणि धोतर पुन्हा पिवळं झालं.

"चुन्याने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी," मी म्हणाले. "यात अप्पा नाहीत. असते, तर त्यांनीच लिंबू मागितलं असतं."

उमापती जवळ येऊन हळूच म्हणाला, "पुट्टक्का, मला आत बोलावून सांगायचंत. हे मेष्ट्रांनीच तर शिकवलं."

"त्यांनी पुरतं शिकवलं होतं. तू अर्धंच ठेवलंस. आणि त्या अर्ध्याने माझ्या आईचा पाय कुजवलास."

माणसं खाली बघत उठू लागली. ज्यांच्या घरी वर्षाला दोनदा ओकुळी होते, त्यांच्यातल्या एकानेही चार महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं. मी आईला रिक्षात बसवलं. वाटेत म्हणाले, "अम्मा, त्याने फसवलं तुला."

"मला नाही फसवलं," आई बाहेर बघत म्हणाली. "शाळेसाठी ती कापडं बावीस वर्षं मीच हळदीत बुडवून द्यायचे. ओकुळी मला कळत नाही होय?"

मी तिच्या काळ्या अंगठ्याकडे बघितलं. मग विचारलं, "तरी सुई सोडलीस? आणि मला रोज खोटं सांगत होतीस?"

"त्यांच्या नावाने कुणीतरी मला काहीतरी सांगत होतं, पुट्टी. तुम्ही सगळे तेरावं झाल्यावर त्यांचं नावसुद्धा घेईनात."

पाय वाचला, दोन बोटं गेली. आई आता सुई घेते. मी समोर बसल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि तिला ते ठाऊक आहे. उमापतीने दोन गावं पलीकडे नवं अंगण धरलंय. तिथेही हळद-चुना जाणणाऱ्या बाया असतीलच.

म्हणून हे लिहिते. दुःखातल्या माणसाला खोटं ओळखता येत नाही असं समजू नका. कधीकधी त्याला ते ओळखायचंच नसतं. अशा वेळी विचारायचं काम शेजारी बसलेल्याचं. हे कसं झालं, भांड्यात काय आहे, एवढंच मोठ्याने विचारा. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी जिवंत माणसाचं औषध बंद करत असेल, तर सगळ्यांदेखत उठून उभे राहा. पण त्याआधी त्या घरी जा, आणि गेलेल्या माणसाबद्दल थोडा वेळ बोलत बसा.