अविवाहित असल्याचा दाखला

जर्मनीतल्या शाळेने पाठवलेल्या यादीत चौदा कागद होते. तेरा मी आठ दिवसांत जमवले. चौदावा होता वैवाहिक स्थितीचा पुरावा. पगारातून कर किती कापायचा हे तिकडे लग्न झालंय की नाही यावर ठरतं आणि तिकडे राहणाऱ्या नवऱ्याला आरोग्य विम्यातही घालता येतं. म्हणून करखातं आणि विमा कंपनी, दोघांनाही तो कागद हवा होता. मुदत जुलैअखेरची. तो पोचला नाही तर मला मिळालेली विज्ञान शिक्षिकेची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

माझी स्थिती सोपी आहे, असं मला वाटत होतं. चैत्रात आंबवड्याच्या स्वरूपशी माझी सुपारी फुटली होती, म्हणजे सोयरीक पक्की झाली होती. लग्न डिसेंबरच्या सुट्टीत. तेव्हा आज मी अविवाहित. एवढंच लिहून, खाली शिक्का मारून हवं होतं.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, ड्रॉवर उपसला. रहिवासाचा दाखला होता, हयातीचा होता, शौचालय वापरत असल्याचाही होता. अविवाहिताचा नमुना मात्र नव्हता. लग्न झाल्याचा दाखला लोक मागतात, न झाल्याचा आजवर कुणी मागितला नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनीच तोड काढली. सात दिवस फलकावर सूचना लावायची. हरकत आली नाही तर दाखला द्यायचा. मला ही पद्धत फार आवडली. एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करणं अवघड असतं. आहे म्हणणाऱ्यालाच पुरावा मागणं सोपं. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा.

सूचना लागली. कुमारी शेफाली या अविवाहित असून याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.

संध्याकाळपर्यंत त्या सूचनेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. दुसऱ्या दिवशी पानशेतच्या एका हॉटेलवाल्यांच्या घरून आईला फोन आला. मुलगा एकुलता एक आहे, मुलगी जर्मनीला गेली तरी चालेल. आईने फोन ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की सूचनेमागचं तर्कशास्त्र तिला समजावण्याचा बेत मी सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी हरकत आली. स्वरूपच्या वडिलांनी, गेनबामामांनी, ती स्वतः मोटारसायकलवरून आणून दिली. 'सदर मुलगी आमची सून आहे.' भाऊसाहेबांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा मामा त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेले होते.

"सुपारी फुटली तवा तुमी पंगतीला हुता का न्हाई, भाऊसाहेब?"

"होतो."

"बासुंदी दोनदा घेतली."

"घेतली. पण जेवणाची नोंद दप्तरी होत नाही, गेनबा."

मामांचं म्हणणं सरळ होतं. साऱ्या भावकीने तो फोटो पाहिला होता. पोरगी परदेशी निघाली ती मोकळी म्हणून निघाली, असं लोक बोलत होते. दाखला घेतला तर सोयरीक मोडली समजा, हे त्यांनी माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. नाहीतर परवाच देवळात हार घालून मोकळे व्हा. मी सांगितलं, की व्हिसा अविवाहित म्हणून मिळालाय. आता लग्न केलं तर सगळे कागद पहिल्यापासून. लग्नानंतर स्वरूप तिकडे आला की विम्यात बसेल, हेही सांगितलं.

"आन सासू-सासरे?"

"ते नाही बसत, मामा."

"मंग कसला इमा," ते म्हणाले.

हरकत आली म्हणजे सुनावणी आली. भाऊसाहेबांनी स्वरूपला बोलावलं. तो कंपनीतून शिफ्ट संपवून तसाच, गणवेशावर आला. लग्न झालंय की नाही, असं त्याला रीतसर विचारण्यात आलं. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सोयरीकही त्याच्याच हातात होती आणि नोकरीही.

"अजून नाही," तो म्हणाला आणि कागद मागून घेतला. शेफाली ही माझी पत्नी नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहून त्याने खाली सही केली. त्या महिन्यात माझ्याविषयी कुणी लिहिलेलं ते सगळ्यात अचूक वाक्य होतं. वाचताना मला ते मुळीच आवडलं नाही.

मामांनी कागद दोनदा वाचला.

"सवताच्या हातानं लिवलंस."

"खरं हाय ते, आबा. डिसेंबरात खोटं ठरंल."

मामांनी कागद पुन्हा टेबलावर ठेवला. मग भाऊसाहेबांना म्हणाले, "मंग त्याच्याखाली सुपारी फुटल्याचं बी लिवा. ते बी खरंच हाय." तसा रकाना नमुन्यात नाही, असं भाऊसाहेब म्हणाले. नमुना तरी कुठं हुता, तुमीच केलाय न्हवं, असं मामांनी विचारलं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. दाखल्यात दुसरी ओळ आली आणि मामांनी हरकत मागे घेतली. उरलेले दिवस सूचना फलकावर राहिली, पण तिच्याखालीही ती ओळ पेनाने लिहिलेली होती. पानशेतचा फोन पुन्हा आला नाही.

पुण्याच्या भाषांतरकाराने विचारलं, दुसरी ओळ गाळू का? पहिलीने काम होतंय, दुसरीने गोंधळ वाढेल. त्याचं बरोबर होतं आणि मामांना जर्मन येत नाही. मी त्याला दोन्ही ओळी घ्यायला सांगितल्या.

मुदतीला दोन दिवस असताना शाळेच्या कार्यालयातून उत्तर आलं. कागद मान्य, करासाठी अविवाहित अशी नोंद केली आहे, नोकरी पक्की. विम्याच्या फॉर्मवर मात्र दुसऱ्या ओळीतली स्थिती कोणत्या रकान्यात भरायची, ते कृपया कळवावे.

मी तो मेल स्वरूपला पाठवला. आबांना विचारून सांगतो, असं त्याचं उत्तर आलं.