लाडवाच्या डब्यात कोंडलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मात्र मला पाय नाहीत. निलंग्याजवळच्या, ऊस वाहणाऱ्या धोंडप्पांच्या ट्रॅक्टरच्या छताला मी स्क्रूने बसवलेला आहे. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मालविका नावाच्या विद्यार्थिनीने मला घडवले. माझ्या पोटात एक रेडिओ आणि उपग्रहांवरून जागा ओळखणारी एक चिप आहे.

मी कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेला चाललो आहे, हे मी सतत हवेत सांगत राहतो. जवळपासच्या गाड्यांवरची माझी भावंडे ते ऐकतात आणि शिट्टी वाजवून आपल्या चालकाला सावध करतात. त्यासाठी मोबाइलचा टॉवर लागत नाही.

उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर मागून येणाऱ्याला ती धुक्यात दिसत नाही. म्हणून पहिल्या हंगामात माझे फार कौतुक झाले. दुधाचा टेम्पो चालवणारे शेषेराव तर माझ्या भावंडाची शिट्टी ऐकल्याशिवाय वेग कमी करीनासे झाले.

पुढच्या खंडेनवमीला विळा, कोयता आणि ट्रॅक्टर यांच्याबरोबर माझीही पूजा झाली. धोंडप्पांच्या पत्नी गुरम्मा यांनी मला विभूती लावली. मग धूळ बसू नये म्हणून स्क्रू काढून लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले, विजेच्या वायरपुरते भोक पाडून झाकण घट्ट लावले आणि डबा तारेने छताला बांधला. रेडिओच्या लहरी धातूतून पार होत नाहीत. मी बोलत राहिलो, पण ते डब्यातच राहिले. बाहेर सर्वांना वाटले, यंत्र सुरक्षित आहे.

हंगाम सुरू झाल्यावर एका धुक्याच्या सकाळी वळणावरच ट्रॉलीचा आस मोडला. मागून शेषेरावांचा टेम्पो येणार होता. त्यात धोंडप्पांची मुलगी मंजुश्री रोज कॉलेजला जायची. फोनला तिथे रेंज नव्हती. धोंडप्पा ट्रॉलीमागे दगड मांडू लागले. बरोबर आलेल्या गुरम्मा शांत होत्या.

"यंत्र हाय की. शेषेरावला कळंल," त्या म्हणाल्या.

धोंडप्पांचे हात थांबले. त्यांनी डब्याकडे पाहिले.

"अगं, डब्यात कोंडल्यावर त्याचं कुणाला ऐकू जाईल? काढ आधी."

गुरम्मांनी पदराने धरून झाकण ओढले, मला बाहेर काढून छतावर ठेवले. पण मला लगेच बोलता येईना. इतके दिवस आकाश न दिसल्यामुळे मी कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हते. उपग्रह एकेक करून सापडेपर्यंत टेम्पोचा आवाज येऊ लागला होता. जागा कळताच मी ती सांगितली. धुक्यात ब्रेक करकरले. टेम्पो पहिल्या दगडाला टेकून थांबला.

शेषेराव उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता. "अण्णा, आत्तापातूर शिट्टी न्हाई म्हणून मी रस्ता मोकळाच धरून चाललो होतो," ते म्हणाले.

टेम्पोतून उतरलेल्या मंजुश्रीने आईच्या शेजारी छताला बांधलेला रिकामा डबा पाहिला. "अव्वा, यातले लाडू कुणी खाल्ले?"

गुरम्मा हसल्या नाहीत. त्यांनी लेकीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ कापडाने पुसा. तेवढी काळजी पुरे, आम्हाला कोंडू नका. आणि आम्ही गप्प असलो, तर रस्ता मोकळा आहे असे समजू नका. वळण आले की वेग कमी करा.