केपचा आवाज माझा

मित्रांनो, मी एक जुनी सुती चादर आहे. रंग फिकट निळा, काठाला दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधोमध इस्त्रीने पडलेला एक तपकिरी डाग. वाटेत दिसले तर तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण तुम्ही मला ऐकलेलं मात्र नक्की आहे. सिनेमात गगनगडी आकाशात झेप घेतो तेव्हा त्याची लाल केप 'फडाक्' वाजते ना? तो आवाज माझा.

मी मागावर विणली गेले तेव्हा विणकराने माझ्यावर हात फिरवून म्हटलं होतं, "सूत जाड आहे, पुष्कळ टिकेल." मला वाटलं, चला, जन्मभर बिछान्यावर लोळायचं! मग मी मावशींच्या घरी आले. मावशी सिनेमांसाठी आवाज काढत. पडद्यावर कुणी जिना चढलं की त्या बूट घालून लाकडी फळीवर चालत. कुणाचं हाड मोडलं की काकडी मोडत. साऱ्या स्टुडिओत त्यांना मावशीच म्हणत, अगदी त्यांच्याहून वडील माणसंसुद्धा.

पहिल्या सिनेमाच्या वेळी मावशींचं डोकं चालेना. गगनगडीची केप वाजायची कशी? रेशमी कापडाला वजन नव्हतं. रेक्झिन करकरत होतं. त्या वैतागून घरी आल्या आणि आईबरोबर माझी घडी घालू लागल्या. दोघींनी टोकं धरून मला झटकलं. फडाक्!

"आई, परत झटक!"

"अगं, धूळ गेली की केव्हाच."

"धुळीचं राहू दे गं. तू झटक!"

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत रुजू झाले.

गगनगडी म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक साधा माणूस. कसा कोण जाणे, उडायला लागला. उतरताना मात्र त्याचा अंदाज दर वेळी चुके आणि केप तोंडावर येई. तिथे मावशी मला फळीवर 'फुस्स' असं टेकवत. थिएटरं हसून गडगडली. पोरांनी घराघरांत पलंगावरच्या चादरी गळ्याला बांधल्या. माझ्या भाऊबंदांना एवढा मान कधी मिळाला नव्हता! दुसरा सिनेमाही जोरात चालला.

मग कुठेतरी बिनसलं. निर्मातेसाहेबांना वाटू लागलं, हसरा वीर लोकांना हलका वाटतो. तिसऱ्या सिनेमाला नवे दिग्दर्शक आले. गगनगडीच्या कपाळावर आठी बसली ती बसलीच. लिफ्टचं काम सुटलं. दर अर्ध्या तासाने जग बुडायला निघे आणि बुडता बुडता कुणीतरी विनोद करी. दिग्दर्शकांनी माझा आवाज ऐकून नाक मुरडलं.

"मावशी, हे काय? कपडे वाळत घातलेत का? मला वादळ हवंय, वादळ!"

वादळ संगणकातून आलं. मला मात्र स्टुडिओतल्या मावशींच्या खोलीत, गळक्या एसीखाली घडी करून ठेवलं. टप, टप, टप. मित्रांनो, ज्या अंगाने आकाश फाडलं, त्या अंगाने मी दोन वर्षं पाणी टिपलं. वाईट वाटायचं. पण मावशी रोज मला पिळून पुन्हा ठेवत आणि हळूच म्हणत, "थांब जरा."

चौथ्या सिनेमात चौदा वीर होते. मावशींची भाची तो पाहून आली आणि म्हणाली, "मावशी, शेजारचं पोरगं सारखं विचारत होतं, हा कोण, तो कोण. त्याची आई म्हणाली, गप बस, मागच्या भागात होता. मग ते झोपलंच." निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पाचवा सिनेमा आपटला तर गगनगडी कायमचा जमिनीवर येणार होता. मावशींच्या खोलीलाही कुलूप लागणार होतं. तसं होऊ नये म्हणून निर्मात्यांनी कात्रीबाईंना दिग्दर्शक केलं. पहिल्या सिनेमाचं संकलन त्यांनीच केलं होतं. नको ते दृश्य कापताना त्यांचा हात थरथरत नसे, म्हणून हे नाव. त्यांनी गगनगडीला पुन्हा लिफ्टच्या कामावर लावलं. बाकीच्या तेरा वीरांना घरी पाठवलं. सिनेमाच्या मध्यावर एक साधं दृश्य ठेवलं. म्हातारे वडील गच्चीवर थंडीने कुडकुडतायत आणि गगनगडी आपली केप काढून त्यांच्या अंगावर पांघरतो.

प्रदर्शनाला पाच दिवस उरले असताना चाळीस प्रेक्षकांना सिनेमा दाखवला. केप वडिलांच्या अंगावर आली आणि जुन्या सवयीने लावलेलं संगणकातलं वादळ गडगडलं. प्रेक्षक खो-खो हसले. नेमके तिथेच हसले!

कात्रीबाई तडक मावशींच्या खोलीत आल्या. "मावशी, मला विनोदाचं वावडं नाही. पण माणसाला रडू येतंय तिथे तरी सुखाने रडू द्यायचं की नाही? ती चादर कुठे आहे?"

मावशींनी एसीखाली बोट दाखवलं. कात्रीबाईंचा चेहरा पडला.

मावशींनी मला धुतलं आणि दोन खुर्च्यांवर पसरून पंखा लावला. मी वाळले, पण विरले होते. मावशींनी एकटीने झटकून पाहिलं. 'फस्.' पुन्हा झटकलं. 'फस्.' आता त्यांच्या मनगटातही पूर्वीचं बळ नव्हतं. मला रडू फुटेल असं झालं.

"द्या इकडे दोन टोकं," कात्रीबाई बाह्या सरसावत म्हणाल्या. "एक, दोन, तीन!"

फडाक्! माझा काठ वीतभर फाटला. पण काचेपलीकडे ध्वनिमुद्रक खुर्चीतून उठून ओरडला, "आला! आला!"

राहिलं गच्चीवरचं दृश्य. मावशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला सावकाश स्वतःच्या गुडघ्यांवरून खांद्यांपर्यंत ओढून घेतलं. सुतावर सूत सरकलं, बस्स.

"एवढंच?" ध्वनिमुद्रकाने विचारलं.

"एवढंच," मावशी म्हणाल्या. "बाप आहे तो, डोंगर नाही."

दोन दिवसांनी नव्या चाळीस जणांसमोर सिनेमा लागला. हॉलमध्ये गारठा होता, म्हणून मावशी मलाच पांघरून मागच्या रांगेत बसल्या. गच्ची आली. केप सरकली. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पडद्यावरचे वडील म्हणाले, "बाळा, ही घे परत. तुला उडायचंय ना?"

"बाबा, उडायला ती लागत नाही. शोभेला आहे नुसती."

डोळे पुसता पुसता सगळे हसले. आणि अगदी शेवटी, पडणाऱ्या लिफ्टमागे गगनगडीने झेप घेतली. फडाक्! चाळीसच्या चाळीस माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतून निर्मातेसाहेब वळले आणि त्यांनी मावशींना हात जोडले. प्रदर्शनाला पन्नास दिवस झाले तरी थिएटरांवरची 'हाउसफुल्ल'ची पाटी उतरली नाही.

साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला काचेच्या पेटीत ठेवू या."

मावशी फणकारल्या. "काचेत ठेवली तर वाजेल कशी? मला सुई-दोरा आणून द्या."

आता माझ्या काठाला ठिगळ आहे. मला सावलीत वाळवतात, सुटसुटीत घडीत ठेवतात, आणि एसीही दुरुस्त झाला आहे! मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनंपानं काही असेल. ते विरलं म्हणून लगेच पायपुसणं करू नका. आधी टाका घालून पाहा. आणि उद्या तुम्ही कुणाला गोष्ट सांगायला बसलात, तर वादळ उठवण्याआधी एवढंच बघा, की गोष्टीतल्या माणसाला थंडी वाजतेय का.

बाकीचं पुन्हा कधी विचाराल तर सांगेन. सहाव्या सिनेमाचं काम आज सुरू होतंय, आणि बघा, दारावरचा ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. आता सगळ्यांनी गप्प बसायचं. फक्त मी बोलणार.