नाथाचे कांदे, आक्काचे कांदे

दुष्काळाच्या आदल्या साली कोल्हारात पैसा वाढवायचा तर एकच ठिकाण होतं, कानिफनाथाची अक्कल. कांदा कधी घ्यावा, वखारीत कुठवर धरावा आणि नगरच्या बाजारात केव्हा न्यावा हे त्याला कळतं, असा गावाचा समज होता. समज नाथानंच पसरवलेला. पण लागोपाठ एकच साल भाव चढला आणि समजाला पुरावा मिळाला.

त्या पुराव्यावर भरवसा ठेवून गोजरआक्कानं म्हैस विकली आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. कांदा विकून एकीच्या दोन म्हशी करायच्या, हा तिचा बेत. नफ्यात चार आणे वाटा नाथाचा. तोट्याचं कुणी बोललंच नाही. शुभकार्यात तो विषय काढत नाहीत.

भादव्यात भाव असा कोसळला, की नगरला न्यायचं भाडं सुटेना. आक्का सकाळीच नाथाच्या ओट्यावर येऊन बसली. तिचं बसणं बघूनच नाथानं ताडलं, ही चहावर उठणारी नव्हे.

"आक्का, बाजार पडला. बाजार काय माझ्या बापाचा हाय?"

"गेल्या साली चढला, तवा तर तुझ्याच बापाचा हुता. मी चढवला म्हनून गावभर सांगत हिंडलास. आन आवंदा आपसूक पडला व्हय?"

घरात नाथाची बायको पुष्पावती खुदकन हसली. नाथानं घाईनं दुसरा मोहरा काढला.

"बरं, तू शेळ्या अर्धलीनं देतीस. पिलं निम्मी तुझी, निम्मी राखनाऱ्याची. शेळीच मेली तर कुनाची मेली?"

"मालकाची."

"मग मिटलं की."

"कसं मिटलं? राखनाऱ्यानं कातडं दाखवाया लागतं. त्याबिगर मेली का इकली ते कसं कळावं? ऊठ, माझ्या शेळीचं कातडं दाव."

याला नाथाची ना नव्हती. चोरी त्यानं केलीच नव्हती. तो ऐटीत तिला घरामागच्या वखारीत घेऊन गेला. पुष्पावतीही मागोमाग आली.

आक्काचा कांदा होता, सगळा होता. मोड फुटलेला, पाणी सुटलेला, नाकाला पदर लावायला लावणारा. मधे तुराट्यांचा कूड होता आणि कुडापलीकडं लख्ख झाडलेली जमीन. तिथं एक कोंबडी निवांत बसली होती.

"हितं कुनाचा हुता?"

"माझा. तुझ्याइतकाच."

"कवा काढला?"

"पोळ्याच्या बाजाराला."

"भाव बरा गावला आसंल."

"बरा म्हंजी... बरा."

"आन माझा का ठिवला?"

"आजून चढंल आसं वाटलं. तुझ्या गळ्याची आन, आक्का."

"माझ्या गळ्याची नको, तुझ्या गळ्याची घे. चढनार हुता, तर तुझा का काढला?"

नाथा म्हणाला, "भ्या वाटलं."

हे उत्तर त्याला स्वतःलाही नवं होतं. पण होतं खरं. आपल्या कांद्यापाशी तो ससा आणि आक्काच्या कांद्यापाशी वाघ. दुसऱ्याच्या म्हशीवर माणसाला धीर फार धरवतो.

"लांडगा आला त्यात तुझा दोष न्हाई, नाथा," आक्का सावकाश म्हणाली. "पन तुझी शेळी घरात बांदलीस आन माझी रानात ठिवलीस."

पुष्पावती मधे पडली. "आक्का, दोनी ढीग एकच धरा. आलेलं निम्मं, सडलेलं निम्मं."

"तू बायको कुनाची गं?" नाथा उसळला.

"तुमचीच. म्हनून तर पानवठ्यावर मलाच तोंड दाखवावं लागतं."

नाथानं पोळ्याच्या पैशातले निम्मे मोजून दिले. आक्काच्या दोन म्हशींच्या बेतातून एक म्हैस आली, तीही शिंगं मोडलेली; पण दूध देताना शिंगं लागत नाहीत.

नाथावरचा भरवसा गावानं सोडला नाही, फक्त जरा बेतानं वापरला. कांद्याचा भाव कुठवर जाईल, हे त्याला कुणी विचारीना. बाजाराच्या आदल्या दिवशी लोक ओट्याशी थबकत आणि एवढंच म्हणत, "नाथा, तुझा काढला का?"