तिकोनी नळीतलं पाणी

मित्रांनो, जरा जवळ या. प्रयोगशाळेच्या फळीवर आडवी पडलेली, हातभर लांबीची जुनी पारदर्शक नळी तुमच्याशी बोलते आहे. माझ्या भावंडांसारखी मी गोल नाही, चांगली तिकोनी आहे! प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या कडेला कडा लावून चिकटवल्या आणि मी जन्माला आले.

माझ्यातून सावकाश पाणी सोडलं की ते कसं चालतं म्हणाल? थरावर थर हळुवार सरकतो. मधलं पाणी पुढे धावतं, भिंतीला लागलेलं जागचं हलत नाही आणि कोपऱ्यांतलं आपलं रेंगाळत येतं. देवाने काय शिस्त घालून दिली आहे म्हणून सांगू!

मला घडवलं एका ताईने. नवजात बाळांना द्यायचं रक्त कोमट करणारं यंत्र ती करत होती. त्यात माझ्यासारख्याच, पण अगदी बारीक तिकोनी वाटा होत्या. किती जोर लावला की किती वाहील, हे तिने संगणकावर गणित मांडून काढलं होतं. ते खरं की खोटं, हे माझ्यावरून ठरणार होतं. जुळलं नाही, तर यंत्र तिथेच बारगळणार.

आणि जुळेना! दर वेळी गणितापेक्षा जास्तच जोर लागायचा.

"गोल नळीचं सूत्र घातलंस का गं?" तिच्या सरांनी विचारलं.

"नाही हो सर. तिकोनासाठी मुद्दाम वेगळं मांडलंय."

"मग उत्तर जरा वाढवून घे. जुळून जाईल."

"पडदा शिवायचा असता तर चार बोटं वाढवून घेतली असती, सर. हे बाळाच्या अंगात जाणारं रक्त आहे."

सर हसले. "बरं बाई, शोध मग. यंत्राचं काय झालं ते बघायला बाळांचे डॉक्टर दुपारी येतायत."

ताईने पाण्यात चमकते कण सोडले आणि मधल्या एका कणाबरोबर माझ्या अंगावरून बोट फिरवू लागली. तोंडाशी कण वेग वाढवत राही, बोट मागे पडे. वीतभर आत गेल्यावर मात्र दोघं एका चालीने निघाले. ती एकदम थांबली.

"सर, तोंडाशी पाणी अजून आपापली जागा धरतंय. माझं गणित स्थिरावलेल्या पाण्याचं, आणि मी मोजतेय दारापासून."

"मग मोजायची सुरुवात आत ने की."

दाब मोजायला तिने वीतभर आत मला नवं भोक पाडलं. मी शहारले, पण आनंद पोटात मावेना! तिथून शेवटापर्यंत किती जोर लागतो ते मोजलं आणि आकडा गणितावर अलगद येऊन बसला. पुन्हा मोजला. पुन्हा तिथेच! डॉक्टर आले तेव्हा ताईने दोन्ही आकडे त्यांच्यापुढे धरले. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"यंत्राला हात घाल आता," सर म्हणाले.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत. कधी मऊ फडकं फिरवलंत तर बरं वाटेल. आणि तुमच्या वर्गात, घरात कुणी नवं आलं, बावरलेलं, धडपडणारं, तर दारातच त्याचं माप काढू नका. थोडं आत येऊ द्या. त्याची चाल त्याला सापडू द्या. मग मोजा, हवं तर.