वाईट बोलेल असं एक माणूस

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही पुढे या. गोष्ट सांगायची आहे ती मत्सराची, आणि ती जरा हळूच सांगायला हवी. ताप आला तर माणूस चार घरी सांगत सुटतो, पण मत्सर अंगात भरला तर घरातल्यांनाही कळू देत नाही.

एका गल्लीत दोन जावा राहत. थोरली शिवणकाम करायची. शाळा-कॉलेज सुटलं की गल्लीतल्या पोरी तिच्या पुढच्या खोलीत जमायच्या. कुणी काजं करायला शिकायची, कुणी घरी भांडून आलेली असायची, कुणी नुसतीच कापडाच्या ढिगावर पाय पसरून गप्पा छाटायची. थोरली ओरडायची, "अगं, ते गिऱ्हाइकाचं कापड आहे." पण दिवसभरात "काकू, काकू" अशी हाक आली नाही तर तिला जेवण गोड लागत नसे.

धाकटी एका कचेरीत होती, बोलण्यात पटाईत. साबणाच्या धंद्यात पैसा मिळवलेले एक आजोबा गल्लोगल्ली तरुण मुलामुलींसाठी केंद्रं उभारायला देणगी देतात, असं तिच्या कानावर आलं. ती गेली, बोलली आणि देणगी घेऊनच आली. थोरलीच्या अगदी खिडकीसमोर चार खोल्यांची इमारत उभी राहिली. शिवणाची नवी यंत्रं, वाचायची खोली, कॅरम, गाण्याबजावण्याला जागा. आणि दारात किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन कोण? धाकटी.

आता तुम्हीच सांगा, थोरलीचं काय झालं असेल? आधी दोघी-तिघी पोरी तिकडे गेल्या. मग त्यांच्या मैत्रिणी गेल्या. शेवटी खोलीत थोरली उरली आणि तिचं मशीन.

ती खिडकीशी बसायला लागली. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "अगं, बघून बघून काच झिजवशील."

"उजेडाला बसलेय."

"उजेड मागच्या खिडकीत जास्त आहे."

"तुम्ही तुमच्या काट्यांकडे बघा."

देवापुढे ती रोज म्हणायची, "सगळ्यांचं भलं कर." आणि देवाचा काही गैरसमज होऊ नये म्हणून पुढे सांगायची, "सगळ्यांचं म्हणजे अगदी सरसकट नव्हे."

देणगी पहिल्या वर्षापुरतीच होती. पुढे द्यायची की दाराला कुलूप घालायचं, ते आजोबा ठरवणार होते. त्यांची रीत मात्र वेगळी. "कौतुक मला ऐकवू नका," ते म्हणायचे. "ते साबणाच्या फेसासारखं असतं, मळ कुठे आहे तेच दिसेनासं होतं." म्हणून केंद्र चालवणाऱ्याकडे ते एकच गोष्ट मागत. तुमच्याबद्दल वाईट बोलेल असं एक माणूस सांगा.

एका संध्याकाळी आजोबांकडच्या बाई थोरलीच्या दारात आल्या. कशासाठी आलोय ते सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमचं नाव तुमच्या जाऊबाईंनीच दिलंय."

थोरलीच्या हातातली कात्री हातातच राहिली. "तिनं? वाईट बोलेल म्हणून?"

"हो. त्या म्हणाल्या, यांच्याइतकं वाईट दुसरं कोणीच बोलणार नाही."

अंगाचा तिळपापड झाला हो तिच्या. पण मनात लगेच हिशेबही झाला. केंद्र बंद पडलं तर पोरी जातील कुठे? येतील आपल्याच खोलीत. देवानं घरबसल्या संधी पाठवली होती. तिनं बाईंना पाट दिला, पाणी दिलं आणि तोंड उघडलं.

"भिंतींचा रंग पाहिलात? औषधाच्या गोळीसारखा. संध्याकाळी लवकर कुलूप लावते, घरची कामं उरकून पोरींनी यायचं कधी? वाचायच्या खोलीत कोणी वाचत नाही. शिवणाच्या खोलीत शिवतात कमी आणि हसतात जास्त."

"हसतात?"

"इथपर्यंत ऐकू येतं. ती कोपऱ्यावरची मुलगी आहे ना, माझ्याकडे वर्षभर मान खाली घालून बसायची. ती परवा तिथे नाच करून दाखवत होती, सगळ्यांसमोर. माझ्याकडे कधी एवढी..."

थोरली वाक्य अर्धंच सोडून मशीनवरचं कापड सारखं करू लागली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या जाऊबाईंना हे काम झेपत नाही, असं आजोबांना सांगू?"

एवढंच म्हणायचं होतं. एक "हो", आणि समोरचं दार बंद. थोरलीनं खिडकीतून पाहिलं. धाकटी पायरीवर बसून कुणाची तरी तुटलेली चप्पल सांधत होती.

"झेपत नाही असं कोण म्हणालं?" थोरली कडाडली. "मी माझ्या जावेला बोलले. मी बोलेन, तो माझा हक्क आहे. तुम्ही कोण हो? कचेरीतून येऊन न जेवता कुलूप उघडते ती. आजोबांना सांगा, दार उशिरापर्यंत उघडं ठेवायला आणखी एक माणूस द्या म्हणावं. आणि रंग बदला."

बाई हसत उठल्या. देणगी पुढे चालू राहिली, वर एका माणसाचा पगारही आला.

धाकटी धावतच आली. "ताई, मला वाटलं तुम्ही बुडवणार."

"बुडवायलाच बसले होते. माझं नाव दिलंस कशाला?"

"मग कोणाचं देऊ? बाकीचे सगळे माझ्याशी गोडच बोलतात." धाकटी उंबऱ्यात टेकली. "आणि खरं सांगू? त्या पोरी तिथे बसून सारखं तुमचंच नाव घेतात. काकू असं शिवायच्या, काकू तसं रागवायच्या. किल्ल्या माझ्याकडे, जागा माझी, आणि कौतुक तुमचं. माझ्या पोटात दुखतं."

थोरलीनं मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि जावेला जवळ ओढून बसवलं. "काय काय म्हणतात? पहिल्यापासून सांग. आणि तुझ्या पोटात कधी कधी दुखतं, तेही सांग."

माझं एवढंच मागणं आहे, बाबांनो. आपल्या माणसांसाठी देवाकडे काही मागाल तेव्हा त्या थोरलीलाही आठवा. तिचा मत्सर पुढे नाहीसा झाला का, ते विचारू नका. तो होताच. पण जीव जळत असतानाही तिनं पोरींच्या हसण्यावर दार लावू दिलं नाही, तेवढ्यासाठी आठवा.