परतीची तारीख

पेन्सिलीचं टोक पुन्हा तुटलं... सुताराची चपटी पेन्सिल, नळांच्या कारखान्यातून निवृत्त होताना खिशात राहून गेलेली, आणि अर्विन त्या टोकाकडंच बघत बसला, म्हणजे समोरच्या पडद्याकडं बघायला नको. पडद्यावर आकडा होता. शिकागो ते फ्रँकफर्ट, बिझनेस क्लास, नुसतं जायचं: तीन हजार नऊशे डॉलर.

तीन आठवडे हेच चाललं होतं. शेबॉयगन गावातले बाकीचे म्हातारे सकाळी तळ्यावर गळ टाकून बसतात, तसा हा कॉफी घेऊन कॉम्प्युटरपुढं बसायचा. मंगळवारी स्वस्त असतं म्हणे. नोव्हेंबरात असतं. लिस्बनला विमान बदललं तर असतं, टोरोंटोहून निघालं तर आणखी... पण टोरोंटोपर्यंत बायकोला नेणार कशी, गाडीच्या डिकीत आडवी घालून? सगळं त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. जो माणूस जन्मात कधी कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल भरत नाही, कारण महामार्गावरचा पंप तीन सेंटनं स्वस्त, त्यानं बिझनेस क्लास बघावा — मित्रांना कळलं तर शुक्रवारच्या माशांच्या जेवणात वर्षभर पुरेल एवढी चेष्टा. पण इलाज नव्हता. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून गिझेलाला तासाभराच्या वर बसवत नाही. डॉक्टरनं सरळ सांगितलं, आडवं पडून जाता येत असेल तर जा, नाहीतर जर्मनीतल्या बहिणीला फोनवरच भेट. आणि विमानात आडवं पडायची सोय फक्त पुढं, पैसेवाल्यांची.

ती स्वयंपाकघरात उभ्यानं पाव कापत होती. हल्ली सगळं उभ्यानंच.

"गावलं का काही?" तिनं तिथूनच विचारलं.

"गावेल. घाई केली की लुबाडतात."

"तू त्या विमान कंपनीला म्हातारी करणार."

"मला केलंस तू, मी त्यांना करतो."

ती हसली. तिचं हसू ऐकून त्याला बरं वाटलं... बरं वाटलं, आणि लगेच आतून काहीतरी टोचलं. मागच्या आठवड्यात तो म्हणाला होता, तू पुढं झोप राणीसारखी, मी मागं बसतो कोंबड्यांच्या खुराड्यात, स्वस्तातल्या तिकिटावर. तेव्हाही ती हसली होती. मग म्हणाली, "तू कशाला? टोमॅटोंना पाणी कोण घालेल?" नोव्हेंबरात कसले टोमॅटो. पण त्या वेळी हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, तो आपला भाड्याच्या आकड्यात.

त्यानं मॅडिसन शहरात मुलीला फोन लावला. करीनला यातलं कळतं.

"बाबा, तू एकेरी कशाला बघतोयस?" ती म्हणाली. "एकेरी महागच असतं. जायचं-यायचं मिळून काढ, बघ खाली येतंय की नाही."

"दोन वेळा नेणार ते एका वेळेपेक्षा स्वस्तात? हा कुठला धंदा?"

"असाच आहे त्यांचा. मी काय करू."

"आणि समजा... यायचं वापरलंच नाही तर?"

"सोडून द्यायचं. लोक मुद्दाम तसं करतात." मग तिचा आवाज खाली आला. "पण आई येणारच ना? तू असं का विचारतोस, बाबा?"

"उगीच. एकेरीवर बोट पडलं असेल."

पडलं नव्हतं. गिझेलानंच सांगितलं होतं — आधी जायचं बघ, यायचं नंतर बघू. आणि त्यानं मुकाट्यानं एकेरीवर खूण केली होती, तीन आठवडे रोज, एकदाही न थांबता.

फोन ठेवून त्यानं खूण बदलली. आकडा धाडकन खाली आला. दोन हजार सातशे चाळीस, लिस्बनमार्गे, दोन्ही बाजूंना आडवं पडायची सीट. इतर कुठल्या दिवशी त्यानं टेबलावर हात आपटला असता. जायची तारीख भरली, सहा नोव्हेंबर. खाली दुसरा चौकोन लुकलुकत होता, परतीची तारीख, आणि ती भरल्याशिवाय पुढं सरकत नव्हतं. कोपऱ्यात घड्याळ सुरू झालेलं: हे भाडं वीस मिनिटं राखून ठेवलं आहे.

डिसेंबर लिहू? नाताळच्या आधी... म्हणजे मी दोरी ओढतोय असं वाटेल तिला. मार्च? मग मीच म्हटल्यासारखं होईल, रहा बाई तिकडंच. तिच्या बहिणीनं, लोटेनं, मागची खोली रंगवून घेतली म्हणे, फिकट हिरवी, गिझेला रविवारी फोनवर ऐकून आली आणि कितीतरी वेळ तेच सांगत राहिली. महिनाभराच्या पाहुणीसाठी कोणी खोली रंगवतं? आणि हल्ली पायऱ्या उतरताना ती जर्मनमध्ये मोजते. पन्नास वर्षं इंग्रजीत मोजत होती.

अडुसष्ट साल. जर्मनीतलं पिर्मासेन्सचं स्टेशन, बुटांच्या कारखान्याचा वास अजून तिच्या केसांत, आणि हा बावीस वर्षांचा, अमेरिकन लष्कराचा ट्रक चालवणारा, खिशात तिचं तिकीट — सरकारी, फुकट, एकेरी. सासूनं पावात सॉसेज घालून पुडकं दिलं आणि त्याचा हात धरून काहीतरी विचारलं. त्याला कुठं भाषा येत होती, त्यानं हसून मान हलवली. काय विचारलं होतं ते गिझेलानं कधी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. मग सासू गेली तेव्हा एकटी जाऊन आली ती, आणि दहाव्या दिवशी दारात हजर, बॅग खाली ठेवून म्हणाली, भांडी कोण घासणार होतं ही? त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. बायको म्हटल्यावर येणारच. जशी संध्याकाळ येते...

"झालं का नाही?" गिझेला मागं येऊन उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला धरून. तिच्या बोटांना पावाचा वास होता. घड्याळात अकरा मिनिटं.

"सापडलं. दोन हजार सातशे. पण परतीची तारीख मागतंय."

"टाक की कुठलीही."

"कुठलीही कशी टाकू?"

"मग शेवटची टाक. कॅलेंडर संपतं तिथली."

त्याचा हात माऊसवर होता आणि हलत नव्हता. आठ मिनिटं. त्याला वाटलं, डिसेंबर टाकावा, काही न बोलता, ती चालवून घेईल... तिनं सगळंच चालवून घेतलंय, इथला बर्फ, माझी आई, तीन सेंटसाठी दहा मैलांची फेरी. आणि नेमकं तेच त्याला आज नको होतं.

"गिझी," तो वळला नाही, पडद्याशीच बोलल्यासारखा बोलला, "तुला परत यायचंय का?"

खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात उचलला गेला नाही, घट्टही झाला नाही. ती वाकून पडद्यावरचे महिने बघत होती, जानेवारी, फेब्रुवारी, ओठ हलवत, कुठल्या भाषेत ते त्याला ऐकू येत नव्हतं.

"वेळ संपतोय बघ तुझा," ती म्हणाली.

"संपू दे."

तीन मिनिटं, मग दोन. एवढं स्वस्त पुन्हा मिळणार नाही, हे त्याला माहीत होतं, आणि तरी छातीत ती नेहमीची धावपळ सुरू झाली नाही. त्यानं माऊसवरून हात काढला, मांडीवर ठेवला. मागं तिचा श्वास चालू होता. ती काय म्हणेल याची त्याला भीती वाटत होती... पण त्याला वाटलं, पिर्मासेन्सच्या त्या फलाटावर मी असाच गप्प उभा राहायला हवा होतो, मान न हलवता.

पडदा पांढरा झाला आणि भाडी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.